बॉसकडे पगार मागणारं गाणं वाचवा

गुंटर गाब्रिएलची हाऊसबोट वाचली. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग बंदरात हा जर्मन कंट्री गायक बरीच वर्षं त्या बोटीवर राहत होता. २०१७ च्या जूनमध्ये, पंचाहत्तरी पूर्ण होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा तो गेला आणि बोट गंजत पडली. पुढच्या वर्षी गायक-संगीतकार ओली शुल्झ आणि यूट्यूबवर गाजलेला फिन क्लीमान या दोघांनी ती विकत घेतली, घाम गाळून, पैसा ओतून नव्यानं उभी केली, आणि २०२१ मध्ये या सगळ्या खटाटोपाची मालिका नेटफ्लिक्सवर आली. लोकांनी ती आवडीनं पाहिली. झालं ते उत्तमच झालं. पण ज्या गाण्यांमुळे त्या बोटीला किंमत आली, त्यांच्या वाट्याला अशी धावपळ आली नाही. लाकूड आणि लोखंड वाचवायला माणसं पुढे येतात, कारण ते सडताना डोळ्यांना दिसतं.

हा लेख त्या गाण्यांसाठी आहे. मराठीत आहे, कारण ती वाचवण्यात आपल्यातल्या काही जणांचा हात लागू शकतो असं मला मनापासून वाटतं. तो कसा, ते पुढे सांगतो. आधी गाणी कसली ते सांगायला हवं.

गाब्रिएलनं १९७३ मध्ये तीस टनी डिझेल ट्रक चालवणाऱ्या माणसावर एक गाणं केलं. त्याच वर्षाच्या शेवटी तेलसंकट आलं आणि पश्चिम जर्मनीत चार रविवार खासगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी झाली. मोकळ्या ऑटोबानवरून लोक सायकली घेऊन हिंडले, त्याचे फोटो आजही छापले जातात. पुढच्या वर्षी, १९७४ च्या फेब्रुवारीत, सार्वजनिक सेवेतल्या कामगारांच्या संघटनेनं संप करून ११ टक्के पगारवाढ पदरात पाडून घेतली. आणि त्याच वर्षी गाब्रिएलचं सगळ्यांत गाजलेलं गाणं आलं. त्यात एक कामगार सरळ मालकापुढे उभा राहतो आणि सांगतो की पगार पुरत नाही, वाढवा. बस्स, एवढंच. ना क्रांतीची हाक, ना लाल बावटा. महिनाअखेरीची तंगी, आणि ती गाताना थोडी मिश्किली.

त्या काळातली जर्मन लोकप्रिय गाणी ऐकली की यातलं वेगळेपण कळतं. श्लागर म्हणतात त्या गाण्यांत चंद्र होता, समुद्र होता, इटलीतली सुट्टी होती, परत येणारी किंवा न येणारी प्रेयसी होती. त्या गाण्यांतल्या माणसांना पगाराचं पाकीट मिळत नसे, त्यांची पाठ दुखत नसे, रात्रपाळी कुणाला करावी लागत नसे. राजकीय गाणी होती, पण ती सभागृहात आणि मोर्चात. रेडिओवर, दुपारी, भांडी घासताना ऐकू येईल अशा चालीत कामाची, मालकाची आणि डिझेलच्या वासाची गोष्ट सांगायला जर्मन कंट्रीच पुढे आलं. माझ्या मते हेच त्याचं खरं मोल. टोप्या आणि बूट नंतरचे.

गाब्रिएल स्वतः या गोष्टींत बाहेरून आलेला नव्हता. वेस्टफालियातल्या ब्युंडे गावातलं रेल्वे कामगाराचं घर, आई लहानपणीच गेलेली, बापाचा मार. पुढे कारखान्यातली कामं. नाव झालं, पैसा आला, तो चुकीच्या गुंतवणुकीत बुडाला, संसार मोडले, दारू वाढली, काही काळ कॅराव्हॅनमध्ये काढला. माणूस म्हणून त्याच्यावर जीव लावणं सोपं नाही, त्यानं स्वतःबद्दल जे कबूल केलंय ते वाचून तर नाहीच. पण कर्ज फेडायला त्यानं जे केलं ते या गाण्यांच्या स्वभावाला धरून होतं. कुणीही बोलवा, १००० युरो द्या, मी तुमच्या दिवाणखान्यात येऊन गातो, असं त्यानं जाहीर केलं. आणि खरंच गेला. सोफा बाजूला सरकवून, शेजाऱ्यांना बोलावून, गिटार घेऊन, शेकडो घरांत.

आता चालीकडे या. कंट्रीचा ठेका साधा असतो. बास एक-पाच, एक-पाच करत चालतो, गिटार मधल्या मात्रेला चापट मारते. ट्रकच्या केबिनमध्ये रात्रभर कानावर पडणाऱ्या आवाजाशी तो जमून जातो. इंग्रजीत हे बसवणं सोपं, शब्द तोकडे आणि ओढता येणारे. जर्मनमध्ये शब्द लांब, व्यंजनं टणक आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाऊन बसतं. त्यामुळे चांगला जर्मन कंट्री गीतकार यमक क्रियापदावर आणतो, आणि ओळ संपेपर्यंत माणूस काय करणार हे ऐकणाऱ्याला कळत नाही. गोष्ट सांगणाऱ्या गाण्याला याचा फार फायदा होतो. शिवाय यात गाण्यापेक्षा बोलणं जास्त. स्टील गिटार मागे रडत असते आणि गायक पुढे शांतपणे हकिकत सांगत असतो. रेड सोवाइननं १९७६ मध्ये अमेरिकेत गाजवलेलं ‘टेडी बेअर’ असंच होतं. चालता न येणारा मुलगा, ट्रकवाला बाप अपघातात गेलेला, आणि मुलगा बापाच्या सीबी रेडिओवरून रस्त्यावरच्या ड्रायव्हरांशी बोलतो. ऑस्ट्रियाच्या जॉनी हिलनं ते जर्मनमध्ये आणलं तेव्हा सीबी रेडिओ जर्मनीत मोकळा होऊन चारेक वर्षंच झाली होती. गाणं रडवणारं आहे, थोडं जास्तच रडवणारं. तरी त्या काळी कितीतरी केबिनमध्ये डोळे पुसले गेले असणार, आणि पुसणारा कबूल करणार नाही.

दुसरं मोठं नाव ट्रक स्टॉप. हॅम्बुर्गच्या दक्षिणेला माशेन नावाचं गाव आहे. युरोपातलं सगळ्यांत मोठं मालगाड्यांचं यार्ड तिथे आहे, १९७७ मध्ये सुरू झालेलं. या बँडचा गोतावळा त्याच गावचा. १९७३ मध्ये बँड सुरू झाला तेव्हा ही मंडळी इंग्रजीत गात होती, अमेरिकन गाणी अमेरिकन उच्चारात. १९७७ मध्ये त्यांनी जर्मन धरलं आणि तेव्हा कुठे लोकांनी त्यांना उचलून घेतलं. त्यांच्या गाजलेल्या गाण्यात रात्री घराकडे निघालेल्या माणसाला अमेरिकन कंट्री गायक डेव्ह डडली ऐकायचाय, पण अमेरिकन सैन्याचं रेडिओ स्टेशन, एएफएन, तिथवर पोचत नाही. युद्धानंतरच्या जर्मनीचा अख्खा इतिहास त्या एका खरखरीत आहे. अमेरिकेच्या छावण्या, छावण्यांचा रेडिओ, तो चोरून ऐकणारी जर्मन पोरं, आणि पल्ला संपला की उरणारी आपली स्वतःची भाषा.

त्या छावण्यांतूनच अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशही गेला. १९५१ ते ५४ तो बव्हेरियातल्या लांड्सबर्गला अमेरिकन हवाई दलात होता, रशियन मोर्स संदेश टिपायचं काम करत. पहिली गिटार त्यानं तिथेच घेतली. पुढे साठच्या दशकात ‘आय वॉक द लाइन’ त्यानं जर्मनमध्येही गायलं. म्हणजे जर्मनी आणि कंट्री यांचं नातं उसनं आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं.

बर्लिनच्या भिंतीपलीकडची कथा वेगळी. तिथे १९५८ पासून नियम होता की सार्वजनिक कार्यक्रमात ६० टक्के संगीत समाजवादी देशांचं हवं. तरी कंट्री ऐकणारे होते, आणि १९९० नंतर पूर्वेतल्या थुरिंगियाची लिंडा फेलर देशभर ऐकली गेली. या भागाचं नीट संकलन अजून व्हायचंय. मला ते फार तपशिलानं माहीत आहे असा आव आणत नाही, म्हणून पुढे जातो.

मग अडलं कुठे?

पहिलं, माणसं गेली. गाब्रिएल २०१७ मध्ये. ट्रक स्टॉपचे लुसिउस रायशलिंग आणि सिस्को बर्न्ट त्याआधीच, २०१३ आणि २०१४ मध्ये. बँड आजही वाजवतो, पण पहिली पिढी ओसरली. दुसरं, रेडिओ. २०१० नंतरच्या वर्षांत डब्ल्यूडीआर ४ सारख्या वाहिन्यांनी जर्मन गाणी मागे सारून इंग्रजी ‘ओल्डीज’ पुढे आणली. ज्यांना इंग्रजी कंट्री हवं त्यांच्यासाठी बर्लिनचा बॉसहॉस बँड आहे. २००६ मध्ये युरोव्हिजनला गेलेला टेक्सास लाइटनिंग हा हॅम्बुर्गचा बँडही इंग्रजीतच गायला. माझी कुणाशी तक्रार नाही. पण इंग्रजीत गायलं की बॉस, तंगी, कासेलच्या घाटातली चढण सगळं विरघळून जातं आणि उरतो तो कुठलाही महामार्ग.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं आणि त्यावर कुणी बोलत नाही. काम बदललं, गाणी बदलली नाहीत.

आज जर्मन रस्त्यावर टोल भरणाऱ्या ट्रकांच्या एकूण धावेपैकी सुमारे ४० टक्के धाव परदेशात नोंदलेल्या गाड्यांची आहे. पोलंड, लिथुएनिया, रोमानिया. स्टिअरिंगवर बसलेला माणूस अनेकदा त्याहून लांबचा, युक्रेनचा, उझबेकिस्तानचा, आता तर भारताचाही. त्याची रात्र कशी असते? साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं सक्तीची विश्रांती. दिवसाला ९ तासांची मर्यादा, आठवड्यातून दोनदा १०. टॅकोग्राफ सगळं नोंदवतो, आणि तास संपत आले की जागा शोधायची. संध्याकाळी विश्रांतितळ भरलेले. बाहेर पडायच्या रस्त्यावर, कडेच्या पट्टीवर ट्रक ओळीनं उभे, शेवटच्याचं नाक जवळजवळ ऑटोबानवर. आत पडदा ओढलेला, छोट्या गॅसच्या शेगडीवर डबा गरम होतोय, फोन व्हीलवर टेकवलेला, त्यावर घरची मुलं. शौचालयाला पैसे. रविवारी तर रात्री १० पर्यंत जड ट्रकांना बंदी, म्हणजे आख्खा दिवस त्याच डांबरावर.

२०२३ च्या वसंतात डार्मश्टाटजवळच्या ग्रेफेनहाउझन विश्रांतितळावर साठेक ड्रायव्हरांनी गाड्या थांबवल्या. बहुतेक जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे. महिनोन्‌महिने पगार थकलेला. आठवडेच्या आठवडे ते तिथेच राहिले, ट्रकमध्ये झोपले, आसपासच्या लोकांनी जेवण आणून दिलं. शेवटी सुमारे तीन लाख युरो थकबाकी मिळाली तेव्हा हलले. त्याच उन्हाळ्यात तिथेच दुसरा संप झाला, काहींनी उपोषण केलं. सांगा, गाब्रिएलच्या गाण्यातला तो कामगार यांच्यापेक्षा वेगळं काय मागत होता? मला या संपावर एकही जर्मन कंट्री गाणं ऐकायला मिळालेलं नाही. असेल कुठे तर आनंद आहे. पण महोत्सवांच्या मंचावर अजून रायफल, घोडा, सूर्यास्त आणि टेक्सासचे झेंडे आहेत. कादंबरीकार कार्ल मेनं अमेरिका फारशी न बघता जर्मनांना जे वाइल्ड वेस्ट दिलं, त्याच्या पलीकडे पाऊल पडत नाही. या शैलीला मारणारं काही बाहेरून आलं असेल, पण घरातून तिनं स्वतःच खिडक्या बंद केल्यात.

म्हणून वाचवायचं म्हणजे काय, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जुनं जपायचं आणि नवं लिहून घ्यायचं. एक केलं आणि दुसरं सोडलं तर दोन्ही फुकट.

जुन्यापासून सुरू करू. या गाण्यांचा मोठा वाटा कॅसेटवर आला, पेट्रोलपंपाच्या काउंटरजवळच्या फिरत्या स्टँडवर विकला गेला आणि गाडीच्या कप्प्यात उन्हानं तापत राहिला. गावोगावच्या छोट्या बँडांनी तर स्वतःच्या खर्चानं शे-दोनशे प्रती काढल्या असतील, त्या कुठल्याच कॅटलॉगात सापडायच्या नाहीत. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनो, तुमच्याकडे शनिवार-रविवारचे फ्लोमार्क्ट, म्हणजे जुन्या बाजाराचे दिवस असतात. पुस्तकं आणि काचेच्या बश्या तुम्ही तिथे बघताच. कॅसेटच्या खोक्यात हात घाला. शेजारचे निवृत्त ट्रकवाले आजोबा तळघर आवरत असतील तर विचारा. कॅसेट मिळाली की लगेच वाजवू नका. आतला छोटा फेल्टचा तुकडा निघालेला असतो, टेप चिकटलेली असते. चार-पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर ती उघडून रिळं नव्या डबीत बसवता येतात. मग एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत साध्या वेगानं गुंडाळून घ्यायची आणि दुसऱ्यांदा वाजवतानाच संगणकावर उतरवून घ्यायची. मुखपृष्ठाचा आणि आतल्या कागदाचा फोटो हवाच, कारण वादकांची नावं तिथेच असतात. हे इंटरनेटवर टाकू मात्र नका, हक्क दुसऱ्यांचे आहेत.

मग द्यायचं कुणाला? दोन ठिकाणं आहेत. लाइपझिगला जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयाचं संगीत संग्रहालय आहे, १९७० मध्ये बर्लिनला सुरू झालेलं. आणि फ्रायबुर्गला लोकप्रिय संस्कृती व संगीताचं केंद्र आहे, १९१४ मध्ये लोकगीतांचा संग्रह म्हणून जॉन मायर यांनी सुरू केलेलं. तिथे आधी ईमेल टाका, काय आहे ते यादी करून कळवा, त्यांच्याकडे नसेल तर द्या. थोडं चिडवायचं तर असंही म्हणता येईल की अमेरिकन कंट्रीचे जगात वाखाणले गेलेले संच ब्रेमेनजवळच्या खेड्यातून निघतात. १९७५ मध्ये सुरू झालेल्या बेअर फॅमिली रेकॉर्ड्सनं ती कामगिरी केली. ज्या देशाला परक्यांचं गाणं इतकं नीट जपता येतं, त्याला आपलं जपायला लाज कसली?

दुसरी मागणी जर्मन मंडळींकडे आहे, पण ढकलायला आपण मदत करू शकतो. जर्मनीनं २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या करारावर सही केली आणि स्वतःची राष्ट्रीय यादी सुरू केली. कामगार चळवळीची गाणी त्यात लगेच, २०१४ मध्ये आली. खाणकामगारांचं श्टायगरलीड गाण्याची परंपरा २०२३ मध्ये आली, म्हणजे बोत्रोपची शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरात बंद झाल्यानंतर. २०२४ मध्ये बर्लिनचं टेक्नोही आलं. मग ट्रकवाल्यांचं गाणं का नाही? अर्ज सरकार करत नाही, तो ती परंपरा जगणाऱ्यांनीच राज्याच्या सांस्कृतिक खात्याकडे करायचा असतो. आणि परंपरा आज चालू आहे हे दाखवावं लागतं, संग्रहालयातल्या वस्तूला तिथे जागा नाही. न्युर्बुर्गरिंगवर १९८६ पासून दर उन्हाळ्यात ट्रकांच्या शर्यती होतात, कंट्रीही वाजतं. फ्रांकोनियात ए३ वरच्या गाइझेलविंडच्या ऑटोहोफवर, म्हणजे ट्रकथांब्यावर, ट्रकवाल्यांचा आणि कंट्रीचा महोत्सव भरतो. एकत्र यायला जागा आहेत, अर्जाचा मसुदा लिहायला बसणारं कुणी हवं. खाण बंद पडल्यावर गाण्याची आठवण झाली, तसं आपोआप चालणारे ट्रक येईपर्यंत थांबायचं का?

आता आपला संबंध. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी सुमारे १० हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांच्यासोबत ड्रायव्हरही त्यात आहेत. करार किती पुढे सरकला यावर हवा तेवढा वाद घालता येईल, पण मागणी खरी आहे, जर्मन वाहतूकदारांच्या संघटना लाखाच्या आसपास ड्रायव्हर कमी असल्याचं सांगतात. आणि इकडे पोरं जर्मन शिकतायत. पुण्यात तर मॅक्सम्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीतल्या शिकवण्यांपर्यंत जर्मन शिकवलं जातं.

जर्मनच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. ए२-बी१ च्या वर्गाला बीथोवनचं चरित्र आणि ख्रिसमसची कॅरोल देता, द्या. पण जो मुलगा उद्या स्टुटगार्टला डिलिव्हरी व्हॅन किंवा मॅनहाइमला चाळीस टनी ट्रक चालवणार आहे, त्याला एक तास गाब्रिएलचा द्या. गाडीतली भाषा, कामाचे तास, पाळी, पगारपत्रक, मालकाशी बोलताना औपचारिक ‘झी’ कुठे आणि सलगीचं ‘डू’ कुठे, हे सगळं त्या गाण्यांत आहे. उच्चार रांगडा, वाक्यं छोटी, ओळी पुन्हा पुन्हा येणाऱ्या. परीक्षेतल्या ऑडिओपेक्षा कितीतरी जिवंत. आणि मुलांना हे आधीच कळू द्या की मालकाकडे पगार मागणं हे त्या देशात गाण्याचा विषय होऊ शकतं, गुन्हा नाही.

आणि जे पोचलेत त्यांना. तुमच्यातला कुणीतरी नक्की गातो. कुणाला भारुड येतं, कुणाला कोरस धरता येतो, कुणाकडे हार्मोनियम आहे. मोडक्या जर्मनमध्ये का होईना, तुमच्या रात्रीचं गाणं लिहा. पार्किंग न मिळालेली रात्र, टॅकोग्राफची टिकटिक, रविवारी डांबरावर शिजवलेला वरणभात, आईचा व्हॉट्सअॅप कॉल कट होतो तो क्षण. व्याकरण चुकलं तरी चालेल, ट्रक स्टॉपची इंग्रजीही सुरुवातीला उसनीच होती. महाराष्ट्र मंडळांनी गणपतीच्या कार्यक्रमात अर्धा तास यासाठी राखावा, शेजारचा एखादा जर्मन हौशी बँड बोलवावा, त्याच्या बासबरोबर ढोलकी लावून बघावी. वाईट वाजलं तर हसू. चांगलं वाजलं तर रेकॉर्ड करा आणि गाइझेलविंडच्या आयोजकांना लिंक पाठवा. सोबत दोन ओळीत कळवा की गाणारा ट्रक चालवतो, कुठल्या मार्गावर चालवतो आणि पुढच्या महोत्सवाला त्याला कुठला वार सुट्टीचा आहे.